निलंबनाच्या दुसऱ्या दिवशी

गेल्या अंकात पोलीसकथांविषयी वाचकांना लिहिते होण्याचे आवाहन केले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांतील बराच मोठा भाग एकाच प्रसंगाभोवती फिरतो आहे: कथेतला, मालिकेतला किंवा कादंबरीतला पोलीस अधिकारी निलंबित होतो किंवा राजीनामा देतो, आणि तो प्रसंग खरा वाटावा यासाठी काय लिहावे, असे लेखक-वाचक विचारत आहेत. मी नागपुरात पोलीस आस्थापनेच्या एका कार्यालयात लिपिक होतो. निलंबनाचे आदेश टंकलिखित करणे, ते बजावले गेल्याची नोंद घेणे आणि पुढे त्याच माणसाला निलंबन काळात वेतनाऐवजी मिळणाऱ्या निर्वाह भत्त्याची देयके तयार करणे, हे काम मी अनेक वर्षे केले. त्यामुळे या विषयावर लिहिताना मला तटस्थ राहता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : माझ्या कादंबरीतील फौजदार एका पुढाऱ्याच्या मुलाला अटक करतो. दुसऱ्या दिवशी ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक त्याला बोलावून ‘तू सस्पेंड आहेस’ असे सांगतात. तो टोपी, पट्टा आणि पिस्तूल टेबलावर ठेवून निघून जातो. या प्रसंगात काही चुकते आहे काय? (एक लेखिका, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : फौजदाराचा संताप आपण चांगला पकडला आहे, पण बाकीचे जवळजवळ सगळे बदलावे लागेल. निलंबन तोंडी होत नाही. त्याचा लेखी आदेश निघतो, त्याला जावक क्रमांक पडतो आणि ज्याला अधिकार आहे त्याच्याच सहीने तो निघावा लागतो. आयुक्तालयात शिपाई आणि हवालदाराचा आदेश सामान्यतः उपायुक्त काढतात, निरीक्षकाचा आयुक्तांकडून निघतो. ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकाला आपल्या फौजदाराला निलंबित करता येत नाही. तो फार तर त्याच्याविरुद्ध अहवाल वर पाठवू शकतो. आपल्या कादंबरीत हा अहवाल पाठवणारा माणूस आणि फौजदार रोज एकाच ठाण्यात बसतात, आणि आदेश येईपर्यंतचे दोन-तीन दिवस दोघेही एकमेकांशी नेहमीसारखे बोलतात. हे दोन-तीन दिवस लिहिले गेलेले मी अजून कोठे वाचलेले नाही.

आदेशाच्या दोन प्रती येतात. एक त्याने ठेवून घ्यायची आणि दुसरीवर प्रत मिळाल्याचे लिहून सही, दिनांक आणि वेळ घालून ती परत द्यायची. नोकरीत असंख्य समन्स बजावलेल्या एका हवालदारांनी माझ्यासमोर ही प्रत हातात घेतली आणि हाताच्या सवयीने, समन्सच्या मागे लिहितात तसे, ‘समक्ष बजावले’ असे लिहिले. मग ते थांबले, ‘बजावले’ हा शब्द एका रेघेने खोडला आणि त्यापुढे ‘मिळाले’ असे लिहिले. वेळ कोणती घालू, असे त्यांनी मला विचारले. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली होती, ती त्यांनाही दिसत होती.

पिस्तुलाचे म्हणाल, तर ते शस्त्रागारातून नोंद करून मिळते आणि काडतुसे मोजून, नोंद करूनच परत जमा होते. भरलेले पिस्तूल टेबलावर सोडून जाणारा अधिकारी स्वतःविरुद्धच्या दोषारोपपत्रात आणखी एका कलमाची भर घालतो. निलंबित माणसाने गणवेश घालायचा नसतो, हे खरे. तथापि तो पोलीस असण्याचे थांबत नाही. त्याचे अधिकार आणि सवलती तेवढ्या काळापुरत्या स्थगित राहतात, पण खात्याची शिस्त आणि वरिष्ठांचे नियंत्रण त्याच्यावर पूर्वीइतकेच राहते. आपला फौजदार ठाण्यातून निघून कोठे जातो, असे आपण लिहिलेले नाही. प्रत्यक्षात आदेशातच त्याचे मुख्यालय, म्हणजे निलंबन काळात राहण्याचे ठिकाण, ठरवून दिलेले असते, आणि बहुधा राखीव पोलीस निरीक्षकाकडे रोज हजेरी देण्याचा हुकूमही असतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी तो साध्या शर्ट-पँटमध्ये, गणवेशातल्या माणसांच्या गर्दीत, सही करायला उभा असतो. आपली पुढची दहा पाने तेथून सुरू करावीत, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : हिवाळी अधिवेशनात मंत्री सभागृहात एखाद्या ठाणेदाराच्या निलंबनाची घोषणा करतात, असा प्रसंग मी लिहितो आहे. घोषणा झाली म्हणजे निलंबन झाले, असे धरावे काय? (एक वाचक, भंडारा)

उत्तर : नाही. घोषणा आणि आदेश यांत काही तास किंवा काही दिवस जातात, आणि आदेश निघेपर्यंत तो अधिकारी कायद्याने कर्तव्यावरच असतो. शिवाय सक्षम अधिकाऱ्याने स्वतः विचार करून निर्णय घेतला पाहिजे, केवळ दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेतलेला निर्णय टिकत नाही, हे प्रशासकीय कायद्यातले जुने तत्त्व आहे. आपल्या ठाणेदाराचा वकील महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठापुढे याच मुद्द्यावर बोट ठेवील.

आपला प्रसंग नागपुरातला असल्याने एक तपशील सुचवतो. १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून येथे अधिवेशन भरते, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्या दिवसांत राज्यभरातून पोलीस बंदोबस्तासाठी येतात, रजा बंद होतात, आणि सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर पहाटेपासून माणसे उभी असतात. ज्या ठाणेदाराच्या नावाची घोषणा आत होते आहे, तो त्या क्षणी बाहेर मोर्चासमोर उभा असू शकतो. त्याला बातमी कोण सांगते? मोर्चा पांगेपर्यंत तो हलू शकत नाही, कारण त्या क्षणापर्यंत बंदोबस्ताची जबाबदारी त्याचीच असते.

प्रश्न : माझा नायक निलंबित झाल्यावर मित्राच्या सुरक्षा कंपनीत काम धरतो, गावोगाव फिरून खासगी तपास करतो आणि शेवटी खऱ्या गुन्हेगाराला अटक करतो. हे शक्य आहे काय? (एक तरुण लेखक, वर्धा)

उत्तर : तीनही गोष्टी अडचणीच्या आहेत. निर्वाह भत्ता मिळण्यासाठी आपण दुसरी कोणतीही नोकरी किंवा व्यवसाय करीत नसल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. मित्राच्या कंपनीत काम धरून ते प्रमाणपत्र देणारा आपला नायक खोटे लिहून देतो आहे, आणि प्रामाणिक माणूस म्हणून आपण त्याला उभे केले असेल तर ही खोटी सही त्याला किती जड जाते, हे आपल्याला लिहावेच लागेल. परवानगीशिवाय त्याला मुख्यालय सोडता येत नाही. आणि पोलीस म्हणून अटक करण्याचा अधिकार त्याच्याकडे तेव्हा नसतो. मात्र डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक पकडू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अशा माणसाला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. शेवटचा प्रसंग तसा बेतता आला, तर निलंबित फौजदार एका सामान्य नागरिकाच्या अधिकाराने गुन्हेगाराला धरतो आणि स्वतःच्याच ठाण्यात तक्रारदार म्हणून उभा राहतो. आपल्या सध्याच्या शेवटापेक्षा हा मला अधिक पटतो.

प्रश्न : मी पोलीस लाइनमध्ये वाढले. मी शाळेत असताना माझे वडील निलंबित होते. कथा-कादंबऱ्यांत निलंबित अधिकारी दारू पितो किंवा सूड उगवतो. त्याच्या घरात काय चालते ते कोणी लिहीत नाही. मला ते लिहायचे आहे, पण कोठून सुरुवात करावी ते कळत नाही. (एक वाचक, गिट्टीखदान, नागपूर)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण पगाराच्या दिवसापासून सुरुवात करावी, असे मला वाटते.

पहिले तीन महिने निलंबित कर्मचाऱ्याला अर्धवेतनी रजेवर जेवढे वेतन मिळाले असते तेवढा निर्वाह भत्ता मिळतो, आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानुसार फौजदाराचे मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. म्हणजे नव्या फौजदाराच्या हाती मूळ रक्कम १९,३०० रुपये येते. तीन महिन्यांनंतर, चौकशी लांबण्यास तो स्वतः कारणीभूत नसेल, तर या भत्त्यात त्याच्याच निम्म्यापर्यंत भर घालता येते आणि ती रक्कम २८,९५० पर्यंत जाते. लांबण्यास तोच जबाबदार असेल, तर ती ९,६५० पर्यंत खालीही येऊ शकते. एका घराचा किराणा, शाळेची फी आणि पतपेढीचा हप्ता यांचे भवितव्य ‘विलंबास कोण जबाबदार’ या एका ओळीवर ठरते. ही वाढ बहुधा आपोआप होत नाही. आढावा कोणीतरी घ्यावा लागतो, टिपणी कोणीतरी ठेवावी लागते. ती टिपणी ठेवणाऱ्यांपैकी मी एक होतो, आणि एखाद्या महिन्यात ती माझ्या टेबलावर चार दिवस पडून राहिली असेल, तर त्या चार दिवसांचा हिशेब कोणत्या घरात झाला असेल, हा विचार आजही मला सोडत नाही.

पूर्वी याहून कठोर नियम होता. फौजदारी न्यायालयात दोषी ठरलेल्या निलंबित कर्मचाऱ्याला अपील प्रलंबित असताना दरमहा नाममात्र एक रुपया निर्वाह भत्ता द्यावा, अशी तरतूद महाराष्ट्रात लागू होती. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. एक रुपयात माणूस जगू शकत नाही, हे न्यायालयाला सांगावे लागले.

आता लाइनबद्दल. बाहेरच्या माणसाची नोकरी अडचणीत आली तर शेजाऱ्यांना कळायला वेळ लागतो. पोलीस लाइनमध्ये शेजारी त्याच हजेरीला उभे असतात. ज्याने सकाळी हुकूम ऐकला, त्याच्या घरी दुपारच्या जेवणाआधी ती बातमी पोहोचलेली असते, आणि संध्याकाळी मैदानावर मुलांनाही ठाऊक असते. निलंबन काळात क्वार्टर सहसा सोडावे लागत नाही, त्यामुळे त्याच लोकांत राहावे लागते. नागपूरच्या पोलिसाचे वर्ष बंदोबस्तांनी मोजले जाते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, मग गणपती, दसऱ्याला दीक्षाभूमी, डिसेंबरात अधिवेशन. या दिवसांत लाइनमधले पुरुष घरी नसतात. त्या रिकाम्या लाइनमध्ये दिवसा घरी असलेला एकच बाप म्हणजे आपले वडील. तो दिवस आपण नक्की पाहिला असेल. आपल्या आईने त्या दिवशी दार उघडे ठेवले होते की लोटून घेतले होते, ते आठवले तर पहिले वाक्य मिळेल.

वडिलांवरचे आरोप खरे होते की खोटे, हे आपण पत्रात लिहिलेले नाही, आणि कथेतही ते लगेच सांगू नये. निलंबन ही शिक्षा नाही, चौकशी होईपर्यंत माणसाला बाजूला ठेवण्याची ती व्यवस्था आहे. लाइनमध्ये मात्र निकाल पहिल्याच संध्याकाळी लागलेला असतो.

प्रश्न : ‘कंट्रोलला जमा’, निलंबित आणि बडतर्फ यांत फरक काय? (एक वाचक, उमरेड)

उत्तर : नियंत्रण कक्षाशी संलग्न करणे ही उचलबांगडी आहे. पद, गणवेश आणि पूर्ण वेतन राहते, फक्त ठाणे जाते. निलंबनात पद राहते, अधिकार आणि अर्धे वेतन जाते. बडतर्फीत नोकरीच जाते, आणि सामान्यतः पुन्हा सरकारी नोकरीचा मार्गही बंद होतो. ‘सेवेतून काढून टाकणे’ ही वेगळी शिक्षा आहे, तिच्यात तो मार्ग बंद होत नाही. पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीत ४८ तासांहून अधिक काळ गेल्यास कर्मचारी निलंबित मानला जातो. म्हणून लाचेच्या सापळ्यात सापडलेला अधिकारी त्याच क्षणी निलंबित झाला, असे लिहू नये.

प्रश्न : माझ्या कथेतील महिला निरीक्षक अन्यायाला कंटाळून वरिष्ठांच्या टेबलावर राजीनामा ठेवते आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर येत नाही. हा शेवट प्रभावी होईल काय? (एक लेखिका, महाल, नागपूर)

उत्तर : राजीनामा लिहून देणे तिच्या हाती आहे, नोकरी सुटणे नाही. पोलिसाचा राजीनामा ही कायद्याने वेगळी गोष्ट आहे, कारण सारेच पोलीस उद्यापासून येत नाही म्हणाले, तर शहराचे काय, हा प्रश्न तो कायदा करणाऱ्यांपुढे होता. १८६१ च्या पोलीस अधिनियमात परवानगीशिवाय किंवा किमान दोन महिन्यांची लेखी सूचना दिल्याशिवाय राजीनामा देता येत नाही, असे होते. आपल्याकडे लागू असलेल्या १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातही लेखी परवानगीची अट आहे, आणि ती मोडून कर्तव्यावरून निघून जाणे हा गुन्हा आहे. चौकशी चालू असेल, तर राजीनामा सहसा ती संपेपर्यंत स्वीकारलाच जात नाही. म्हणजे टेबलावर कागद ठेवून आल्यावरही आपल्या निरीक्षकाला दुसऱ्या दिवशी सकाळी गणवेश चढवून त्याच ठाण्यात, त्याच वरिष्ठांना सलाम करून काम करावे लागेल, आणि हे काही आठवडे चालेल. हे आठवडे आपण का सोडून देता?

आणखी एक गोष्ट तिच्या तोंडी नाही, तर तिच्या मनात असली पाहिजे. राजीनामा दिल्यास आधीची सारी सेवा निवृत्तिवेतनासाठी जप्त होते. वीस वर्षांची अर्हताकारी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी, सेवा झाली असेल, तर तीन महिन्यांची सूचना देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि निवृत्तिवेतन राहते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी भरती झालेल्या, म्हणजे जुनी निवृत्तिवेतन योजना लागू असलेल्यांच्या बाबतीत या फरकाला फार वजन आहे. आपल्या निरीक्षकाची सेवा एकोणीस वर्षे आणि काही महिने झालेली असेल, तर तिच्या रागाला प्रत्येक दिवसाची किंमत आहे. कार्यालयात माझ्यापाशी आलेल्या अशा एका अधिकाऱ्यांनी ‘माझी सेवा किती झाली ते बघा’ एवढेच म्हटले होते. सेवापुस्तक उघडून मी महिने मोजले, आकडा सांगितला. त्यांनी खिशातला कागद बाहेर काढला नाही. तो कागद राजीनाम्याचा होता, हे मला नंतर कळले.

प्रश्न : भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्याला राज्य सरकार निलंबित करू शकते काय? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : करू शकते, पण केंद्राला कळवावे लागते आणि निलंबन पुढे चालू ठेवण्यासाठी केंद्राची भूमिका महत्त्वाची ठरते. बडतर्फी मात्र राज्याच्या हातात नाही. त्यांचा राजीनामाही केंद्राकडे जातो. म्हणून ‘मुख्यमंत्र्यांनी आयुक्तांना बडतर्फ केले’ हे वाक्य कोणत्याही कथेत येऊ देऊ नये.

प्रश्न : माझ्या कथेतील हवालदार न्यायालयातून निर्दोष सुटतो आणि त्याच दिवशी पुन्हा आपल्या ठाण्यात रुजू होतो. शेवट आनंदाचा आहे. तो बरोबर आहे काय? (एक निवृत्त शिक्षक, वाडी, नागपूर)

उत्तर : आनंद असू द्यावा, पण तो एका दिवसात येत नाही. न्यायालयातील खटला आणि विभागीय चौकशी, जिला खात्यात सारे ‘डी.ई.’ म्हणतात, या दोन वेगळ्या वाटा आहेत. एकीतून सुटलेला माणूस दुसरीत अडकलेला असू शकतो, कारण न्यायालयात आरोप संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो आणि चौकशीत तेवढ्या पुराव्याची गरज नसते. उलट, तो खटल्याच्या निकालाआधीही कामावर परत येऊ शकतो. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावले नाही, तर निलंबन पुढे चालू ठेवू नये. त्याला अनुसरून राज्य शासनाने ९ जुलै २०१९ रोजी निर्णय काढला. अशा वेळी पुनःस्थापित कर्मचाऱ्याला शक्यतो अकार्यकारी पदावर नेमतात. त्यामुळे आपल्या हवालदाराला जुने ठाणे मिळण्याची शक्यता कमीच. मोटार परिवहन शाखा किंवा मुख्यालय लिहिले, तर ते खरे वाटेल.

त्यानंतरही एक वाट पाहणे उरते. निलंबनाचा काळ कर्तव्याचा काळ म्हणून धरायचा की नाही, याचा वेगळा आदेश निघतो. तो ‘धरण्यात येत आहे’ असा निघाला, तर पूर्ण वेतनाचा फरक मिळतो, वेतनवाढी मिळतात, आणि खंडही भरून निघतो. ‘धरता येणार नाही’ असा निघाला, तर निर्दोष सुटूनही ती वर्षे त्याच्या सेवापुस्तकात पोकळ राहतात. हा आदेश मी स्वतः अनेकदा सेवापुस्तकात उतरवला आहे, आणि तो उतरवताना तो माणूस टेबलापलीकडे उभा राहून माझ्या पेनाकडे पाहत असे.

आपली कथा त्याच्या पहिल्या हजेरीवर संपवता येईल. मुख्यालयाच्या मैदानावर पहाटे हजेरी मास्तर नावे वाचत आहेत. निलंबन काळात रोज सही करायला तो याच मैदानात येत होता, पण रांगेबाहेर. आज गणवेश आहे, तो कमरेशी सैल झाला आहे, आणि बक्कल रात्री घासून ठेवलेले आहे. मास्तर त्याचे नाव आणि बक्कल नंबर वाचतात, तो ‘हजर’ म्हणतो, आणि मास्तर पुढचे नाव घेण्याआधी वहीतून मान वर न करता सांगतात, ‘कोर्ट ड्युटी, साडेनऊला’.